प्रतिपिंड फ्लूच्या विषाणूला नेमके कुठे धरतात?

मुलुंडकरीण :

नमस्कार. माझ्या आईचे वय ७६ आहे. मे महिन्यात आम्ही तिला फ्लूची लस दिली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पावसाची झड लागलेली असताना, तिला ताप भरला. घशाच्या स्वॅबचा अहवाल एच३एन२, म्हणजे फ्लूचा एक उपप्रकार, असा आला. चार दिवसांत ती उठून बसली, रुग्णालयात न्यावे लागले नाही, आणि त्यात लसीचा वाटा असणार असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. लसीबद्दल माझी तक्रार मुळीच नाही, पुढच्या वर्षीही देणार आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा प्रतिपिंड, म्हणजे विषाणूला धरणारे रक्तातले प्रथिन (अँटिबॉडी), काढते, त्याच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी खाच दाखवते, विषाणूवर तसाच त्रिकोण काढते आणि खाली ‘कुलूप आणि किल्ली’ असे लिहिते. या वर्षी ती आकृती काढताना खडू हातातच राहिला. आईच्या रक्तात किल्ल्या तयार होत्या, विषाणूही फ्लूचाच होता, मग कुलूप का लागले नाही? विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज (नावातले एच आणि एन) ही दोन प्रथिने असतात आणि ती सतत बदलतात, इतके मला माहीत आहे. पण प्रतिपिंड त्या प्रथिनाचा कोणता भाग धरतो, थोडासा बदल झाला की पकड पार का सुटते, आणि विषाणूला जो भाग बदलताच येत नाही तिथेच आपले शरीर का धरत नाही, हे मला रचनेच्या पातळीवर समजून घ्यायचे आहे. अणू-रेणूंपर्यंत गेलात तरी चालेल, सावकाश वाचीन.

रेणूरचना :

ताई, प्रथिनांची त्रिमितीय रचना हाच माझा रोजचा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी हिमॅग्लुटिनिन डोळ्यांसमोर आणू. तीन सारखी एकके एकमेकांना बिलगून उभी राहतात आणि त्यांचा मिळून सुमारे १३.५ नॅनोमीटर लांबीचा एक खांब तयार होतो. विषाणूच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणात, रोवलेला खालचा भाग म्हणजे दांडा आणि वरचा जाडसर भाग म्हणजे डोके. एका विषाणूवर असे काही शे खांब असतात. प्रत्येक एककाच्या डोक्यावर, अगदी माथ्याशी, एक उथळ खळगा असतो. आपल्या श्वसनमार्गातील पेशींवर ज्या शर्करासाखळ्या असतात त्यांच्या टोकाचे सायलिक आम्ल या खळग्यात बसते, आणि विषाणू पेशीला चिकटतो तो असा. पेशीच्या आत गेल्यावर विषाणूचे पटल आणि पेशीचे पटल एकत्र करण्याचे काम दांडा करतो.

ही रचना पहिल्यांदा दिसली १९८१ मध्ये. इयन विल्सन, जॉन स्केहेल आणि डॉन वायली यांनी १९६८ च्या हाँगकाँग विषाणूचे हिमॅग्लुटिनिन ब्रोमेलेन या विकराने (एन्झाइमने) पटलावरून कापून घेतले, त्याचे स्फटिक केले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना काढली. ब्रोमेलेन म्हणजे अननसात सापडणारे विकर. अननस खाताना जीभ चुरचुरते त्यामागे तेही असते. त्याच संशोधकांनी लगेच दुसरे काम केले, जे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. १९६८ नंतर विषाणूत जे जे बदल टिकून राहिले होते ते त्यांनी या रचनेवर मांडून पाहिले. बदल सगळीकडे विखुरलेले नव्हते. डोक्याच्या पृष्ठभागावर, विशेषतः खळग्याच्या आसपास, त्यांचे ठळक पुंजके दिसत होते. याच जागा आपले प्रतिपिंड धरतात, आणि तिथे बदललेला विषाणूच निसटून पुढे पसरतो, हे त्या चित्रावरून कळले.

आता प्रतिपिंडाकडे वळू. ‘वाय’च्या प्रत्येक टोकाला एक जड आणि एक हलकी अशा दोन साखळ्या असतात आणि प्रत्येकीची तीन वेटोळी पुढे आलेली असतात. अशी सहा वेटोळी मिळून पकडीचा पृष्ठभाग तयार होतो. तो त्रिकोणी खाचेसारखा नसतो, बहुधा सपाट आणि उंचसखल असतो. दोन प्रथिने भेटतात तेव्हा प्रत्येकीचा सुमारे ७०० ते ९०० चौरस अँगस्ट्रॉम भाग झाकला जातो (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आणि विषाणूकडची १५ ते २० अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले मणी, प्रत्यक्ष संपर्कात येतात. ही अमिनो आम्ले साखळीत एकापाठोपाठ असतातच असे नाही. १४५ क्रमांकाचे आणि १९३ क्रमांकाचे अमिनो आम्ल साखळीत एकमेकांपासून दूर आहेत, पण साखळी घडी घालून बसली की दोन्ही त्याच खळग्याच्या काठावर येतात. म्हणून प्रतिपिंडाने विषाणू ओळखला याचा अर्थ त्याने घडी बसलेल्या प्रथिनाचा एक ठरावीक पृष्ठभाग ओळखला, एवढाच आहे. घडी मोडली तर तेच प्रथिन त्याला परके होते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच मापांत आहे. सायलिक आम्लाचा खळगा विषाणूला फारसा बदलता येत नाही, कारण तो बिघडला तर पेशीला चिकटणेच बंद होईल. खळग्याच्या तळाशी ९८ क्रमांकाचे टायरोसिन, १५३ चे ट्रिप्टोफॅन, १८३ चे हिस्टिडिन आणि १९५ चे टायरोसिन ही अमिनो आम्ले बहुतेक उपप्रकारांत तीच राहतात. पण हा खळगा लहान आहे आणि प्रतिपिंडाचा पाऊलठसा त्याहून मोठा. रांगोळीच्या डबीत बोट घालून पाहा, बोट आत गेले तरी तळहात बाहेरच राहतो आणि डबीच्या काठावर टेकतो. प्रतिपिंडाचेही तसेच होते. एखादे लांब वेटोळे खळग्यात उतरते, बाकीची वेटोळी काठावर टेकतात, आणि काठ बदलायला विषाणू मोकळा असतो.

ब्योर्न कूल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की एच३एन२ ने १९६८ ते २००३ या काळात प्रतिपिंडांना चुकवण्यासाठी जी मोठी वळणे घेतली त्यांच्यामागे मुख्यतः सातच जागा होत्या : १४५, १५५, १५६, १५८, १५९, १८९ आणि १९३. सातही जागा खळग्याच्या काठावर किंवा त्याच्या अगदी लगत आहेत. सुमारे साडेपाचशे अमिनो आम्लांच्या प्रथिनातल्या या सात जागा वाचल्या तेव्हा मी उरलेला दिवस दुसरे काही केले नाही, एकेक जागा पडद्यावर शोधत बसलो.

वरदा_ठाणे :

फार छान प्रतिसाद. मी अभियंता आहे, त्यामुळे एक शंका आली. संपर्कात १८ अमिनो आम्ले असतील आणि त्यांतले एक बदलले, तर पकड एक-अठरांश कमी व्हायला हवी. खांबाला १८ बोल्ट असतील आणि एक ढिला झाला तर खांब पडत नाही. मग विषाणू एका बदलाने कसा सुटतो?

रेणूरचना :

वरदाताई, यात दोन गोष्टी आहेत. पहिली ही की अठराही संपर्क सारख्या ताकदीचे नसतात. बहुतेक ऊर्जा चार-पाच संपर्कांतून येते आणि बाकीचे आधाराला असतात. दुसरी गोष्ट अशी की ऊर्जा आणि पकड यांचे नाते सरळ रेषेचे नाही. पकडीची ऊर्जा प्रति मोल सुमारे १.४ किलोकॅलरीने घटली की पकड दहापट सैल होते. चांगल्या प्रतिपिंडाची एकूण ऊर्जा १२ किलोकॅलरीच्या आसपास धरा. एका मोक्याच्या जागी बदल होऊन त्यातल्या चार-सव्वाचार गेल्या तर दोन-तृतीयांश ऊर्जा शिल्लक असते, पण पकड सुमारे हजारपट सैल झालेली असते, आणि रक्तात प्रतिपिंडाचे जेवढे प्रमाण असते तेवढ्यात ती पुरत नाही.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण १९८४ चे आहे. त्याच हिमॅग्लुटिनिनमध्ये १४६ क्रमांकाचे ग्लायसिन बदलून तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलेला विषाणू एका प्रतिपिंडाला चुकवत होता. त्याचे स्फटिक करून पाहिले तेव्हा उरलेले प्रथिन जसेच्या तसे होते, फरक फक्त त्या एका वेटोळ्यापाशी होता. ग्लायसिनला बाजूची साखळी म्हणजे निव्वळ एक हायड्रोजन, आणि तिथे आता ऋणभार असलेला गट उभा राहिला. पाण्यात असताना तो भार पाण्याच्या रेणूंनी वेढलेला, सुखात असतो. प्रतिपिंड येऊन टेकला की पाणी बाजूला होते, समोर धनभार असलेला जोडीदार नसतो, आणि तो भार तसाच कोंडला जातो. याची ऊर्जेत मोठी किंमत पडते. तुमच्या उपमेत सांगायचे तर बोल्ट ढिला झालेला नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये खडा आला आहे.

पॅथॉलॉजीवाले काका :

रेणूरचना यांचे लेखन वाचताना माझी नोकरीची वर्षे डोळ्यांसमोर आली. मी परळ भागातल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. आम्ही हे सगळे रक्तपेशींनी पाहत असू. हिमॅग्लुटिनिन हे नावच त्यावरून पडले. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना फ्लूचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो असे दिसले. पेशींवरही सायलिक आम्ल असते, विषाणूचे खांब दोन्हीकडच्या पेशी धरतात आणि जाळे तयार होते.

चाचणी अशी असते. प्लॅस्टिकच्या ताटलीत ९६ खळगे असतात. रुग्णाचा सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, निम्मा-निम्मा पातळ करत ओळीने घालायचा, ठरावीक विषाणू घालायचा, थोडे थांबून तांबड्या पेशी घालायच्या. प्रतिपिंडांनी विषाणूचे डोके झाकले असेल तर जाळे होत नाही, पेशी तळाशी घरंगळतात आणि खळग्याच्या मध्यभागी लाल टिकली दिसते. प्रतिपिंड कमी पडले तर पेशी जाळ्यात अडकून खळगाभर गुलाबी साय पसरल्यासारखी राहते. खात्री करायला ताटली तिरकी धरायची. खरी टिकली असेल तर तिच्यातून पेशी आसवासारख्या खाली ओघळतात. नजर बसायला मला सहा महिने लागले. ज्या शेवटच्या खळग्यापर्यंत टिकली टिकते त्याची पातळता म्हणजे टायटर, आणि ४० हा टायटर साधारण निम्म्या लोकांना संरक्षण देणारा म्हणून धरतात.

मुलुंडकरीणताई, या चाचणीत फक्त माथ्याजवळचे प्रतिपिंड दिसतात, कारण चिकटणे रोखतात ते तेच. दांडा धरणारे प्रतिपिंड रक्तात असले तरी या ताटलीत काही दाखवत नाहीत. असे प्रतिपिंड बराच काळ दृष्टिआड राहण्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. आणखी एक सांगतो, एच३एन२ चे अलीकडचे विषाणू कोंबडीच्या पेशींना नीट धरतच नाहीत, म्हणून गिनीपिगच्या पेशी वापराव्या लागतात. म्हणजे खळग्याचा काठ बदलता बदलता खळग्याची आवडही बदलली.

चिंचपोकळी :

काकांचे वर्णन वाचून पुन्हा एकदा वर जाऊन सगळे प्रतिसाद वाचले. मी इतिहासाचा वाचक आहे, पण एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे.

१९१८ ची साथ मुंबईत जूनमध्ये शिरली. गोदीच्या परिसरात आजारी पडलेल्या पहिल्या लोकांत पोलीस शिपाई होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेने देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि त्यांत विशी ते चाळिशीतले फार होते. लालबागच्या चाळीत माझ्या पणजीच्या मजल्यावरून एका आठवड्यात पाच माणसे गेली, असे आजी सांगत असे.

नव्वद वर्षांनंतर, २००८ मध्ये, अमेरिकेत एक संशोधन प्रसिद्ध झाले. १९१५ किंवा त्याआधी जन्मलेल्या ३२ व्यक्तींचे रक्त तपासले. वये ९१ ते १०१. प्रत्येकाच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला ओळखणारे प्रतिपिंड होते, आणि काहींच्या शरीरात ते बनवणाऱ्या स्मृतिपेशीही अजून जिवंत होत्या. त्यांतल्याच एका प्रतिपिंडाची, २डी१ ची, हिमॅग्लुटिनिनला धरलेली रचना २०१० मध्ये आली. २००९ मध्ये जो नवा एच१एन१ आला, ज्याच्या भीतीने ऑगस्टमध्ये मुंबईतल्या शाळा काही दिवस बंद ठेवल्या होत्या, त्याच्या डोक्यावरची ती जागा १९१८ च्या विषाणूशी जवळजवळ जुळत होती. नव्वद वर्षांच्या अंतराने आलेले दोन विषाणू, आणि प्रतिपिंडाच्या दृष्टीने त्या जागी एकच चेहरा. २००९ च्या साथीत वृद्ध तुलनेने कमी आजारी पडले त्याचे एक कारण हे सांगतात.

मला न कळलेले एवढेच की मधल्या काळातले एच१एन१ विषाणू मग त्या चेहऱ्यापासून कसे दूर गेले?

रेणूरचना :

चिंचपोकळी, मधल्या काळातल्या विषाणूंनी डोक्यावर साखर चढवली. मुलुंडकरीणताईंच्या आईंच्या विषाणूशी, म्हणजे एच३एन२ शी, याचा थेट संबंध आहे.

प्रथिनाच्या साखळीत अ‍ॅस्परॅजिन, त्यानंतर प्रोलिन सोडून कोणतेही अमिनो आम्ल आणि त्यानंतर सेरिन किंवा थ्रिओनिन असा क्रम आला की आपलीच पेशी त्या अ‍ॅस्परॅजिनला शर्करांची फांदी जोडू शकते. विषाणूला त्यासाठी स्वतःचे काहीच खर्च करावे लागत नाही, कारण तो आपल्याच पेशीत तयार होतो. ही फांदी मोठी असते, हलत असते, आणि तिच्याखालचा भाग प्रतिपिंडाला दिसेनासा होतो. फांदी आपल्याच शर्करांची असल्यामुळे शरीर तिच्याविरुद्ध सहसा प्रतिपिंड करत नाही. १९१८ आणि २००९ या दोन्ही विषाणूंच्या माथ्यावर अशा फांद्या नव्हत्या, मधल्या दशकांतल्या विषाणूंवर होत्या. एच३एन२ मध्येही १९६८ नंतर फांद्या वाढतच गेल्या आहेत.

२०१४ च्या सुमारास एच३एन२ च्या एका शाखेत १६० क्रमांकाच्या लायसिनच्या जागी थ्रिओनिन आले. बदल १६० ला झाला, पण त्यामुळे वर सांगितलेला क्रम पुरा झाला आणि फांदी १५८ च्या अ‍ॅस्परॅजिनवर उगवली. १५८ आणि १५९ या जागा वर दिलेल्या सातांच्या यादीत आहेत. म्हणजे प्रतिपिंडांची सर्वांत आवडती जागा एका फांदीने झाकली गेली.

लस बनवणाऱ्यांनी या शाखेचा विषाणू निवडला, पण बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. अंड्यातील पेशींवरचे सायलिक आम्ल वेगळ्या कोनात जोडलेले असते, त्यामुळे विषाणू अंड्यात वाढताना खळग्याच्या काठाशी बदलतो. या विषाणूने अंड्यात वाढताना १६० चे थ्रिओनिन टाकून पुन्हा लायसिन घेतले आणि फांदी गेली. २०१६-१७ च्या हंगामातील लसीत हे घडले होते आणि २०१७ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले की अशी लस घेतलेल्यांचे प्रतिपिंड फांदी असलेल्या विषाणूला नीट अडवू शकत नव्हते. लसीने दाखवलेला चेहरा उघडा होता आणि प्रत्यक्षात आलेल्या विषाणूने पदर घेतलेला होता.

ताई, आईंच्या बाबतीत नेमका कोणता बदल आड आला हे स्वॅबच्या साध्या अहवालावरून ठरत नाही. त्यांच्या वयात प्रतिसादही क्षीण असतो. पण किल्ली असून कुलूप न लागण्याचा हा एक पक्का, रचनेने दाखवलेला मार्ग आहे.

मुलुंडकरीण :

सर्वांचे मनापासून आभार. ‘पदर घेतलेला चेहरा’ मुलांना नक्की सांगणार. काकांनी दांडा धरणाऱ्या प्रतिपिंडांचा उल्लेख केला आहे. दांडा कमी बदलतो असे मी वाचले होते. मग शरीर तिकडे का वळत नाही?

रेणूरचना :

हा विषय मला सर्वांत जवळचा आहे. १९९३ मध्ये जपानमधल्या संशोधकांना उंदरापासून मिळवलेला सी१७९ हा प्रतिपिंड सापडला, जो एच१ आणि एच२ दोन्ही उपप्रकारांना अडवत होता आणि तरीही रक्तपेशींच्या चाचणीत काहीच दाखवत नव्हता. तो दांड्याला धरतो असे दिसले, पण पुढची बरीच वर्षे या कामाकडे फारसे लक्ष गेले नाही. २००९ मध्ये माणसापासून मिळवलेल्या सीआर६२६१ ची रचना आली आणि चित्र पालटले.

सीआर६२६१ फक्त जड साखळीने धरतो, हलकी साखळी विषाणूला स्पर्शही करत नाही. त्याची जड साखळी १-६९ नावाच्या जनुकातून आलेली असते, आणि या जनुकाच्या दुसऱ्या वेटोळ्याच्या टोकाला जलविरोधी, म्हणजे पाण्याला टाळणारी, अमिनो आम्ले असतात, त्यांत ५४ क्रमांकाचे फिनिलअ‍ॅलनिन मुख्य. दांड्यावर एक अरुंद जलविरोधी खाच आहे, तिच्या तळाशी २१ क्रमांकाचे ट्रिप्टोफॅन. फिनिलअ‍ॅलनिनचे सपाट कडे त्या खाचेत शिरून ट्रिप्टोफॅनला टेकते. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांच्या शरीरांनी हाच उपाय पुन्हा पुन्हा शोधलेला आहे, कारण ते जनुक जन्मतःच आपल्याजवळ असते. सगळ्यांकडे मात्र ५४ ला फिनिलअ‍ॅलनिन नसते, काहींच्या जनुकात तिथे ल्युसिन असते.

दांडा धरल्याने विषाणूचे पेशीला चिकटणे थांबत नाही. विषाणू पेशीच्या आत एका पिशवीत जातो, पिशवीतील पीएच ५ ते ५.५ पर्यंत उतरतो, आणि मग हिमॅग्लुटिनिनचा दांडा आमूलाग्र उलगडतो. आत दडपून ठेवलेला फ्यूजन पेप्टाइड, म्हणजे पटले जोडणारा साखळीचा तुकडा, झेपावून पेशीच्या पटलात रुततो आणि दोन पटले एकत्र येतात. प्रतिपिंडाने दांडा आवळून धरला असेल तर हे उलगडणेच होत नाही, विषाणू पिशवीत अडकून राहतो. शिवाय प्रतिपिंडाचे खालचे टोक मारक पेशींना बोलावते. उंदरांमधल्या प्रयोगांत दांड्याच्या प्रतिपिंडांचे बरेचसे संरक्षण याच मार्गाने येते असे दिसले आहे.

हिमॅग्लुटिनिनचे दोन मोठे गट आहेत. पहिल्यात एच१, एच२, एच५ वगैरे आणि दुसऱ्यात एच३, एच७ वगैरे. सीआर६२६१ पहिल्या गटाला धरतो, एच३ ला नाही. कारण पुन्हा साखर : दुसऱ्या गटात ३८ क्रमांकाच्या अ‍ॅस्परॅजिनवर एक फांदी असते आणि ती त्याच्या वाटेत येते. २०११ मध्ये एफआय६ हा प्रतिपिंड सापडला, त्यासाठी आठ दात्यांच्या १,०४,००० पेशी तपासाव्या लागल्या होत्या. तो वेगळ्या कोनातून येतो, ती फांदी बाजूला सारतो आणि दोन्ही गटांना धरतो.

शरीर तिकडे का वळत नाही, याची कारणे बरीचशी जागेची आहेत. डोके वर आहे, उघडे आहे, आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींना आधी तेच भेटते. दांडा पटलालगत आहे. त्यावर पोहोचणे अशक्य नाही, २०१३ मधील इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत विषाणूवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश खांबांच्या दांड्यांना प्रतिपिंड लागलेले दिसले. पण शर्यत डोकेच जिंकते. आणि माणूस लहानपणी ज्या फ्लूला पहिल्यांदा भेटला त्याच्या स्मृतिपेशी आयुष्यभर पुढे धावत येतात, त्यामुळे नवीन जागेला संधी कमी मिळते.

म्हणून डोके काढून फक्त दांडा दाखवायचा, अशी लस करण्याचे प्रयत्न सुरू झाले. यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवन वरदराजन यांच्या गटाचे काम अगदी सुरुवातीच्यांपैकी आहे. त्यांनी २०१० मध्ये दांड्याचा भाग जिवाणूत तयार करून उंदरांना संरक्षण मिळते हे दाखवले होते. अडचण सोपी नाही : डोके काढले की उरलेल्या दांड्याची घडी मोडू लागते, आणि घडी मोडली तर प्रतिपिंड शिकणार तरी काय? जलविरोधी भाग उघडे पडतात तिथे अमिनो आम्ले बदलून ती घडी सावरावी लागते.

वरदा_ठाणे :

म्हणजे दांड्यावर बदल होऊच शकत नाहीत का?

रेणूरचना :

होतात. २०२० मध्ये एच१ आणि एच३ ची तुलना प्रसिद्ध झाली. एच१ च्या दांड्यात प्रतिपिंडाला चुकवणारे बदल क्वचितच टिकतात, एच३ मध्ये मात्र ते बऱ्यापैकी सहज होतात आणि विषाणू तगूनही राहतो. म्हणून दांडा हा सगळ्यांवर एकच उपाय आहे असे मी म्हणणार नाही.

शिवडीचा पक्षीनिरीक्षक :

सगळे हिमॅग्लुटिनिनबद्दलच लिहीत आहेत, म्हणून न्यूरामिनिडेजची बाजू मांडतो. या प्रथिनाशी माझी ओळख पक्ष्यांमुळे झाली. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीजवळ नॉडी जातीच्या सुरय पक्ष्यापासून एक फ्लूचा विषाणू मिळाला होता, त्याचे न्यूरामिनिडेज एन९ प्रकारचे. ग्रॅम लेव्हर यांनी त्याचे सुरेख स्फटिक केले, आणि १९८७ मध्ये पीटर कोलमन यांच्या गटाने याच प्रथिनाला एनसी४१ या प्रतिपिंडाने धरलेले असतानाची रचना प्रसिद्ध केली. फ्लूच्या पृष्ठप्रथिनाला प्रतिपिंडाने धरलेले असे पहिल्यांदा दिसले ते न्यूरामिनिडेजवर.

हे प्रथिन चार एककांचे असते, बारीक देठावर चौकोनी डोके, आणि प्रत्येक एकक सहा पात्यांच्या पंख्यासारखे. मधोमध असलेल्या खोल खळग्यात ते सायलिक आम्ल कापते, म्हणजे नव्याने तयार झालेले विषाणू पेशीला चिकटून न राहता सुटतात. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचे औषध त्याच खळग्यात बसते. एच३एन२ झालेल्या एका रुग्णापासून मिळालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १जी०१ या प्रतिपिंडाचे लांब वेटोळे याच खळग्यात उतरते, आणि तो अनेक प्रकारच्या न्यूरामिनिडेजना अडवतो. हा खळगा हिमॅग्लुटिनिनच्या खळग्यापेक्षा खोल आहे, त्यामुळे बोट अधिक आत जाते. माझी खंत एवढीच की लसीत हिमॅग्लुटिनिन मोजून घालतात, प्रत्येक प्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम, आणि न्यूरामिनिडेजचे प्रमाण मात्र ठरवलेले नसते. ते मोजायला हवे असे मला अगदी मनापासून वाटते.

रेणूरचना :

पूर्ण सहमत. दोन्ही खळग्यांना लागू होणारी एक गोष्ट जोडतो. २०११ मध्ये सीएच६५ या प्रतिपिंडाची रचना आली. त्याच्या वेटोळ्याच्या टोकाचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल हिमॅग्लुटिनिनच्या खळग्यात सायलिक आम्लाच्या आम्लगटाचीच जागा घेते, म्हणजे प्रतिपिंड आपल्या पेशीचे सोंग घेतो. त्याच्या पूर्वजाचे, म्हणजे शरीरात निवड होण्याआधीच्या प्रतिपिंडाचे, हेच वेटोळे मोकळे असताना डुलत राहते. पक्व प्रतिपिंडात ते आधीच योग्य आकारात थिजलेले असते. सुधारणा करणारे बहुतेक बदल संपर्काच्या जागी नव्हतेच, ते वेटोळ्याला मागून टेकू देणारे होते. किल्ली घासून घासून कुलपाला बसवली, असे झालेले नाही. लवचीक तार होती, तिला बाक देऊन ताठ केले.

मुलुंडकरीण :

काल रात्री प्रथिनांच्या जागतिक संग्रहातून सीआर६२६१ ची रचना उघडली, ३जीबीएन या क्रमांकाची. माऊसने फिरवत दांड्यापर्यंत आले, जड साखळीचे दुसरे वेटोळे शोधले, आणि फिनिलअ‍ॅलनिनचे षट्कोनी कडे खाचेत आडवे शिरलेले दिसले. मागे ट्रिप्टोफॅनही सापडले. आई शेजारी बसून पाहत होती. पण एक अडले : हिमॅग्लुटिनिन तीन एककांचे असते म्हणालात, मला एकच दिसते आहे. माझे काही चुकले का?

रेणूरचना :

काही चुकले नाही. स्फटिकात सारखे भाग पुन्हा पुन्हा येतात, म्हणून अशा फाइलमध्ये पुष्कळदा न बदलणारा एकच भाग साठवतात. उरलेली दोन एकके पहिल्याला १२० अंशांनी फिरवून मिळतात. त्याच पानावर जैविक संचाची फाइल वेगळी असते, ती उतरवून उघडा. तिघेही उभे राहतील, आणि तिन्ही दांड्यांना तीन प्रतिपिंड बाहेरून आडवे लागलेले दिसतील.

मुलुंडकरीण :

दिसले. सोमवारी दहावीच्या वर्गात प्रोजेक्टर मागितला आहे. फळ्यावरचा त्रिकोण या वर्षी काढणार नाही.